नीलू नॉर्मल आहे

१४ ऑक्टोबर २०२१, सकाळ

आळंदच्या बियाणेवाल्यानं डायरी दिली. ऑक्टोबरात दिली, म्हणजे उरलेली होती. हरकत नाही. छापील तारखा खोडून आपल्या घालायच्या.

रोज लिहिणार. मन हलकं झालं की बीपी उतरतं, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं. वाचणारं कुणी नाही. बायको गौरम्माला वाचता येत नाही, मुलगा सिद्धलिंगाला डाळमिलमधून सवड नाही, आणि सून पवित्रा जेवर्गीकडची, कानडी घरातली, तिला मराठी बेताचंच कळतं. म्हणून इथं सगळं खरं लिहिता येईल.

नियम: बीपी सोमवारी आणि शुक्रवारी. शुगर महिन्यातून दोनदा. छातीत काही झालं तर लगेच आळंद. माझ्या वयात तपासणी चुकवून चालत नाही.

त्याच दिवशी, दुपार

लसीचा गुरुवार. नात नीलांबिका, आम्ही नीलू म्हणतो, नऊ महिन्यांची झाली. अंगणवाडीची ज्योत्स्ना कार्ड आणि टांगता काटा घेऊन आली. मी म्हणालो, वजन करू नको, तोललेल्या पोराला दृष्ट लागते. मी आळंदच्या अडत बाजारात चौतीस वर्षं तोलार होतो. तुरीचं पोतं बघून वजन सांगायचो. नीलूकडं बघून सांगितलं, साडेसात किलो. तरी तिनं तोललंच. सात किलो चारशे. काट्यात फरक असणार.

मग प्रश्न. हाक मारली तर वळते का? आवाजाकडं बघते का? बा-बा, दा-दा करते का? पवित्रा काहीतरी सांगायला लागली होती. मीच म्हणालो, सगळं करते. सुनेच्या मोडक्या मराठीतून भलतंच काही कार्डावर चढलं असतं.

धडधाकट पोर दर दोन महिन्यांनी तपासायची काय गरज, मला कळत नाही.

३ नोव्हेंबर २०२१

दिवाळी. समोरच्या धोंडप्पाच्या पोरांनी आमच्या दारात सुतळी बॉम्ब लावला. माझ्या छातीत धस्स झालं. गल्लीतली सगळी लेकरं रडायला लागली. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

नीलू झोपेतून हलली नाही.

केवढी धीट. मी चारचौघांत सांगितलं, माझ्यावर गेली नाही म्हणून बरं. सगळे हसले. पवित्रा हसली नाही. ती पाळण्यापाशी जाऊन बराच वेळ पोरीकडं बघत बसली. दृष्ट लागू नये म्हणून असेल.

बीपी १६०/९५. धोंडप्पाला बोललो.

१२ जानेवारी २०२२

वाढदिवस. नीलू एक वर्षाची. अजून मला ‘अज्जा’ म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. गौरम्मा दोन दिवस टोचायली होती, पोरगी कामून बोलंना म्हणून. मी रात्रंदिवस विचार केला आणि आज कारण सापडलं.

पवित्रा तिच्याशी कानडी बोलते. आम्ही मराठी बोलतो. सिद्धलिंग अर्धं हे, अर्धं ते. पोर कुठली भाषा धरणार? दोन काट्यांवर एकच पोतं ठेवल्यासारखं झालंय.

नियम: आजपासून घरात फक्त मराठी. गौरम्माकडून सुनेला निरोप दिला. गौरम्मा म्हणाली, इथं सगळ्यांच्या घरी दोन भाषा हाईत, सगळ्यांची पोरं बोलत्यात की. बायकांना बारकावे कळत नाहीत.

२ मार्च २०२२

नियम चांगला लागू पडला. पवित्रा आता घरात फारसं बोलतच नाही. तिला मराठी शब्द आठवेपर्यंत बोलायची गोष्ट निघून जाते. घर शांत झालं. बीपी १४०.

नीलू अजून बोलत नाही, पण घाई करायची नाही. सिद्धलिंग तिसऱ्या वर्षी बोलला होता. गौरम्मा म्हणते पहिल्याच वर्षी तिला ‘अव्वा’ म्हणाला. तिचं वय झालंय.

१६ जून २०२२

दीड वर्षाची लस. ज्योत्स्ना कट्ट्यावर बसली ती उठेना. म्हणाली, दीड वर्षात एक शब्द न्हाई म्हणजे दाखवायलाच पायजे काका. २९ तारखेला डॉक्टरांची टीम अंगणवाडीत येणार आहे. डोळे, कान, दात, पाय, सगळं बघतात. लहानपणीच सापडलं तर पुढं सगळं सोपं जातं, असं तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय.

मी म्हणालो, सापडायला काही हरवलेलं नाही.

ती हसली नाही. पवित्राला म्हणाली, तू घेऊन ये. आणि तेही कानडीतून म्हणाली. माझ्या कट्ट्यावर बसून.

२८ जून २०२२

झोप नाही. एकदा कार्डावर काही चढलं की ते उतरत नाही. माझ्या कागदावर २०१४ साली कुणीतरी ‘शुगर’ लिहिलं, आजपर्यंत जो तो तेच वाचतो आणि चहा फिका देतो. माझं ठीक आहे. ही पोरीची जात. उद्या शाळेत कार्ड बघतील. परवा सोयरीकवाले विचारतील.

उद्या मी स्वतः जाणार. मी असल्यावर कुणी काही उगीच लिहिणार नाही.

२९ जून २०२२, दुपार

झालं. पास.

तपशील लिहून ठेवतो. डॉक्टरीण तरुण, घाईत. साठ-सत्तर लेकरं. पवित्रानं नीलूला मांडीवर घेतलं, डॉक्टरीण मागं उभी राहिली आणि उजव्या कानामागं खुळखुळा वाजवला. नीलू समोर बघत होती. समोर मी होतो, दारात. पुन्हा वाजवला. नीलू माझ्याकडंच बघत होती. डॉक्टरिणीनं पेन उचललं.

तेवढ्यात माझा हात हलला. तिच्या उजवीकडं. नीलूची मान तिकडं फिरली. डॉक्टरीण म्हणाली, व्हेरी गुड. डाव्या बाजूलाही तसंच झालं.

माशी होती. अंगणवाडीत फार माश्या आहेत. दोन्ही बाजूंनी होत्या.

कार्डावर लिहिलं, कान: नॉर्मल. खाली सही. येताना कार्ड बसस्टँडवर चार जणांना दाखवलं. बीपी १३०/८०. वर्षात इतकं चांगलं नव्हतं.

३० जून २०२२

चौतीस वर्षं काट्यापाशी उभा होतो. कधी पारड्याला बोट लावलं नाही. अडत्यानं डोळा मारला तरी लावलं नाही. आळंदमध्ये कुणालाही विचारा.

हे का लिहिलं माहीत नाही.

१९ फेब्रुवारी २०२३

नीलू दोन वर्षांची होऊन गेली. हुशारी विचारू नका. पाणी हवं असलं की माझं धोतर ओढून माठ दाखवते. भूक लागली की पोटावर थापट्या. मी पाय आपटला की लगेच वळते. कान तिखट आहेत हे यावरूनच कळतं.

घरात सगळ्यांत आधी माझ्याकडं येते. इतर लोक नुसतं तोंडानं बोलतात. मी हातवारे करून बोलतो, बाजारातली सवय.

पवित्रानं सिद्धलिंगाकडं विषय काढला, कलबुर्गीला मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी आतून कार्ड आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वाचलं. बायकोला म्हणाला, डॉक्टरची सही हाय, आणि तू काय त्यांच्यापेक्षा शहाणी हाईस का? तिनं कार्ड हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं आणि भाकरी थापायला गेली.

विषय संपला.

९ ऑगस्ट २०२३

टीम पुन्हा येणार म्हणून ज्योत्स्ना सांगून गेली. उद्याच. नेमकी उद्याच मला कमलनगरच्या मावसभावाची फार आठवण आली. नीलूलाही घेऊन जातो. पोरीनं नातेवाईक बघायला हवेत.

एकदा तोललेलं पोतं पुन्हा कुणी तोलत नाही.

११ ऑगस्ट २०२३

मावसभावाच्या बायकोनं, उमादेवीनं, तोंडावर विचारलं, पोरगी मुकी हाय का? मी जेवलो नाही. लगेच परतीची जीप धरली. असल्या घरी पुन्हा पाय ठेवणार नाही.

१५ एप्रिल २०२४

वेखंड सापडलं. उगाळून मधात, रोज सकाळी जिभेवर. जीभ जड असते, हलकी करावी लागते. एवढी साधी गोष्ट तीन वर्षं कुणाला सुचली नाही.

२१ एप्रिल २०२४

नीलूच्या तोंडात फोड. पवित्रानं सहाण अंगणात फेकली. गौरम्मानं तिचीच बाजू घेतली.

वेखंड जुनं असणार.

२ जुलै २०२४

नीलूला अंगणवाडीत घातलं. ज्योत्स्ना म्हणते, गाणी म्हणताना नीलू तोंडं बघून तोंड हलवते. आवाज निघतो, शब्द निघत नाहीत. इतर लेकरं तिला हात लावून बोलावतात, हाक कुणी मारत नाही. लेकरांना कळलंय काका, असं म्हणाली.

मी तिला कार्डाची आठवण करून दिली. ती म्हणाली, ते कार्ड मीच दिलंय, मला सांगू नका.

८ डिसेंबर २०२४

आज लिहायला बसलो आणि उठलो. पुन्हा बसलो.

तुरीची मळणी चालू आहे, रस्त्यानं सारख्या जीपा आणि ट्रॅक्टर. नीलू माझ्यासोबत होती. मी पानपट्टीपाशी थांबलो, ती पुढं चालत गेली, रस्त्याच्या मधून, पाठ माझ्याकडं. मागून उमरग्याची जीप आली. हॉर्न दिला. पुन्हा दिला. ती आपली हळूहळू चालली होती, हातात काडी घेऊन धुळीत रेघ ओढत.

मी हाक मारली. नीलू. सगळा स्टँड वळला. नीलू. पलीकडच्या कट्ट्यावरची माणसं उभी राहिली. माझा आवाज बाजारात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा. मी तिला सात-आठ हाका मारल्या असतील.

जीप तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तिनं बोनेटची ऊब लागल्यावर वळून बघितलं आणि हसली.

ड्रायव्हर खाली उतरला. शिव्या देणार होता. पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, “आजोबा, भैरी हाय न्हवं ती? एकटी कामून सोडता?”

पवित्रा गिरणीच्या दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं.

चूक जीपवाल्याची होती. गावात इतक्या वेगानं

८ डिसेंबर, संध्याकाळ

पवित्रा घरात कानडी बोलली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मोठ्यानं, सिद्धलिंगाला, मला, भिंतींना. मला सगळं कळलं. शेवटी तिनं मराठीत सांगितलं, खास माझ्यासाठी. “मामा, तिला ऐकू येत न्हाई. उद्या मी कलबुर्गीला जायलाव. कार्ड दाखवू नका.”

२३ जानेवारी २०२५, कलबुर्गी

तीन फेऱ्या झाल्या. आज मोठी तपासणी. मीही हट्टानं आलो. पोरीला औषध पाजून झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. कॉम्प्युटरवर रेघा. आवाज वाढवत गेले, रेघ सरळच राहिली. मला काटा वाचता येतो. ती रेघ वाचायला डॉक्टरची गरज नव्हती.

दोन्ही कान. बहुतेक जन्मापासूनच.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलत होते. दीड वर्षाला सापडलं असतं तर तेव्हाच मशीन बसलं असतं, पुढं ऑपरेशन, आणि आज ही बालवाडीत इतर पोरांसारखी बडबडत असती. बोलणं शिकायचं मेंदूचं एक वय असतं. ते सरत आलंय. आता मशीन लावू, ऑपरेशनचंही बघू, पण पुढं कित्येक वर्षं शिकवावं लागेल. किती बोलेल ते आज सांगता येणार नाही.

मग त्यांनी विचारलं, लहानपणी कुणी तपासलं नाही का? पवित्रानं पिशवीतून कार्ड काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, तपासलंय, आणि नॉर्मल लिहिलंय. असे निष्काळजी लोक असतात, त्यानं पोरांची आयुष्यं जातात.

सिद्धलिंग मान हलवत होता. मीही हलवली.

नियम: आज घरी गेल्यावर सिद्धलिंगाला सांगायचं. जीपमध्ये नको, लोक असतात.

२४ जानेवारी २०२५

काल उशीर झाला. आज सिद्धलिंग थकलेला. सोमवारी सांगतो.

३ फेब्रुवारी २०२५

सोमवारी बीपी १८०. अशा वेळी ताण घ्यायचा नसतो, सिस्टरनंच सांगितलंय. सिद्धलिंगानं टीमवर आणि अंगणवाडीवर तक्रार लिहून दिली. कार्डाची झेरॉक्स जोडली. मला विचारलं, अप्पा, तुमी होता ना तिथं, तपासलं का न्हाई धड? मी म्हणालो, गर्दी होती.

गर्दी होतीच. हे खोटं नाही.

१४ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्नाला आळंदच्या ऑफिसात बोलावून जबाब घेतला. गावात लोक तिला बोलायलेत. गुरुबाईनं आपलं नातवंड अंगणवाडीतून काढलं.

आज ज्योत्स्ना आली. कट्ट्यावर बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, त्या दिवशी मी रजिस्टर भरत होते काका, माझं लक्ष न्हवतं. तुमी समोर होता. पोरगी खरंच वळली होती का, एवढंच सांगा. मला झोप येईना झालीय, माझ्या हातून पोरीचं वाटोळं झालं म्हणून.

मी म्हणालो, वळली होती.

ती बरं म्हणून गेली. हेही खोटं नाही. वळली होतीच.

२ मार्च २०२५

आता पुरे. उद्या सगळ्यांसमोर सांगणार. तयारी केली. आधी थोडं माझ्या नोकरीचं, प्रामाणिकपणाचं. मग त्या दिवसाचं. मग माफी. सिद्धलिंग ओरडेल, कदाचित घर सोड म्हणेल. सोडीन. कमलनगरला जाईन. दोन धोतरं धुऊन ठेवली. बीपीच्या गोळ्या वेगळ्या बांधल्या. गौरम्माला कळता कामा नये म्हणून दिवसभर तिच्याशी गोड बोललो, त्यानं तिला जास्तच संशय आला.

पोरीसाठी एवढं करायलाच हवं.

३ मार्च २०२५

जेवण झाल्यावर सांगितलं. नोकरीपासून सुरुवात केली. सिद्धलिंग मोबाइल बघत होता. मी हाताचं सांगितलं. माशीचं सांगितलं नाही.

सिद्धलिंगानं मान वर केली आणि म्हणाला, “म्हाईत हाय, अप्पा.”

पवित्रानं त्याला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. तक्रार त्यानं तेव्हाच मागं घेतली, ज्योत्स्नाच्या घरी जाऊन दोघंही तिच्या सासूपुढं हात जोडून आले. गौरम्मालाही माहीत. ज्योत्स्नालाही आता माहीत. मला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

मी पवित्राला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, पोरगी माझ्या मांडीवर होती, मामा. तिची मान कुठं वळली ते मला दिसंना का? वर बघितलं तर तुमचा हात.

मग तेव्हा का बोलली नाहीस, असं मी विचारलं. जरा चढ्या आवाजात विचारलं, कारण यात तिचीही चूक आहे असं मला वाटलं.

तिनं भांडी उचलली. म्हणाली, “डॉक्टर व्हेरी गुड म्हणली. मला बी तेच ऐकायचं होतं.”

कुणी ओरडलं नाही. घर सोड कुणी म्हणालं नाही. सिद्धलिंग पुन्हा मोबाइल बघायला लागला.

२० मार्च २०२५

नीलूला दोन्ही कानांना मशीन लागलं. पहिल्यांदा चालू केल्यावर रडली आणि ओढून काढलं. सवय लागते म्हणतात. कलबुर्गीत रोज शिकवणी आहे. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, कुठल्या भाषेत सुरू करायचं? सध्या एकच लागेल, जो जास्त वेळ तिच्यासोबत राहील त्याची. पवित्रा म्हणाली, कानडी. सिद्धलिंग हो म्हणाला. गौरम्मानंही मान हलवली.

माझं कानडी बाजारातलं आहे. वजनं, भाव आणि शिव्या. एक महिन्यात सुधारेन.

३० मार्च २०२५, सकाळ

आज ते कलबुर्गीला राहायला जायलेत. खोली घेतलीय. सिद्धलिंगाला तिथल्याच एका मिलमध्ये काम मिळालं. गौरम्माही जाते, स्वयंपाकाला.

माझा विचार पक्का झालाय. शिकवणीला पोरीसोबत रोज एक मोठं माणूस बसावं लागतं. घरी मागून हाक मारायची, ताट वाजवायचं, दार वाजवायचं, आणि काय ऐकलं, काय नाही ऐकलं ते वहीत लिहून मॅडमला द्यायचं. त्यावरून मशीन कमीजास्त करतात. मी साडेतीन वर्षं डायरी लिहितोय. लिहिण्याची सवय माझ्याइतकी या घरात कुणाला नाही. पवित्राला स्वयंपाक असो, काही असो, हे काम मी करणार. धोतरं बांधलेलीच आहेत.

३० मार्च, दुपार

जीपमध्ये सामान चढत होतं तेव्हा पवित्राला सांगितलं. नीट समजावून सांगितलं. वहीचंही सांगितलं.

तिनं पदर खोचला, गाठोडं आत सरकवलं आणि म्हणाली, “न्हाई मामा. त्या वहीत खरं लिवावं लागतं.”

रागानं म्हणाली नाही. ज्योत्स्ना लस कधी आहे ते सांगते तसं म्हणाली.

मी म्हणालो, मग मी इथं काय करू? ती जीपमध्ये बसली, नीलूला मांडीवर घेतलं, तिच्या कानावरचं मशीन नीट केलं. म्हणाली, कडक भाकरी करून ठेवल्यात, आठ दिवस पुरतील. शेंगाचटणी डब्यात आहे.

जीप गेली. भाकरी मोजल्या नाहीत. खूप आहेत.